द्रवस्फटिकांना दिशा कोण देते?

पोलरॉइडचा गॉगल मिळाला तर तो कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरा आणि हळूहळू फिरवून पाहा. एका स्थितीत आकडे नेहमीसारखे स्पष्ट दिसतात. तेथून गॉगल काटकोनात फिरवला की सगळा पडदा काळा होतो. संगणकाच्या एलसीडी पडद्यावरही हेच दिसते, फक्त काळे होण्याची स्थिती पडद्यागणिक वेगळी असते. यावरून एवढे नक्की कळते की पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित आहे, म्हणजे त्याच्या कंपनांना एक ठरावीक दिशा आहे.

ही दिशा पडद्यावर चिकटवलेल्या पोलरॉइडच्या पट्टीने दिलेली असते. अशा दोन पट्ट्या असतात, एक पुढे आणि एक मागे. त्यांच्यामध्ये दोन काचा आणि काचांच्या फटीत द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. या थरातील रेणूंनाही दिशा असते, आणि आकडा उमटणे न उमटणे त्या दिशेवरच अवलंबून असते. पण द्रवाला दिशा कशी असेल? पेल्यातल्या पाण्याला पूर्व-पश्चिम नसते. मग या द्रवाला दिशा कोण देते, आणि वर्षानुवर्षे ती टिकते कशी? या प्रश्नाच्या उत्तरात मखमलीचा तुकडा आहे, पन्हळी पत्रा आहे आणि शेवटी प्रकाशही आहे.

वाहणारा स्फटिक

१८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख राइनित्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाचा द्रवणांक मोजत होते. १४५.५ अंश सेल्सिअसला पदार्थ वितळला, पण द्रव गढूळ राहिला. १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकदम नाहीसा झाला. एकाच पदार्थाला दोन द्रवणांक! राइनित्झर यांनी हा नमुना जर्मनीतील भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांच्याकडे पाठवला. लेहमान यांच्याजवळ नमुना तापवत ठेवून ध्रुवित प्रकाशात पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. गढूळ द्रव पाण्यासारखा वाहत होता, पण प्रकाशाला मात्र स्फटिकासारखी वागणूक देत होता. अशा पदार्थांना पुढे द्रवस्फटिक हे नाव पडले.

पडद्यांत वापरले जाणारे द्रवस्फटिक बहुतेक 'नेमॅटिक' प्रकारचे असतात. त्यांचे रेणू कांडीसारखे लांबट, सुमारे २ नॅनोमीटर लांब आणि अर्धा नॅनोमीटर जाड असतात. नदीतून वाहत जाणारे ओंडके डोळ्यांसमोर आणा. कोणता ओंडका कोठे असेल हे ठरलेले नाही, ते एकमेकांना ओलांडून पुढेमागे होतात, पण साधारणपणे सगळ्यांचा रोख एकच असतो. नेमॅटिकमधील रेणूंचे तसेच आहे.

मात्र हा रोख कोणता असावा, हे द्रवस्फटिक स्वतः ठरवत नाही. दोन साध्या, स्वच्छ काचांमध्ये त्याचा थेंब पसरला तर एका भागातील रेणू एका दिशेला आणि शेजारच्या भागातील दुसऱ्याच दिशेला वळलेले दिसतात. भागाभागांचा मेळ जेथे बसत नाही तेथे सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांसारख्या रेषा दिसतात. ग्रीक भाषेत धाग्याला 'नेमा' म्हणतात. त्यावरून १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 'नेमॅटिक' हे नाव दिले. अशा ठिगळाठिगळांच्या थराचा पडदा बनत नाही. सगळ्या थराला एक दिशा हवी, आणि ती बाहेरून द्यावी लागते.

दहा मुले, दहा पट्ट्या

दिशा देण्याचे काम काचेचा पृष्ठभाग करतो. पण पृष्ठभाग तर रेणूंच्या अगदी कडेच्या थरालाच स्पर्श करतो. मग मधल्या हजारो रेणूंपर्यंत त्याचा निरोप पोहोचतो कसा? हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे.

दहा मुलांना एकामागे एक उभे करा. प्रत्येकाने हातात एक फूटपट्टी आडवी धरायची. पहिल्या मुलाने ती कायम पूर्व-पश्चिम धरायची आणि दहाव्याने कायम उत्तर-दक्षिण. या दोघांना पट्टी हलवायची मुभा नाही. मधल्या आठ जणांना एकच नियम सांगा: तुमची पट्टी पुढच्या आणि मागच्या मुलाच्या पट्टीपेक्षा शक्य तितकी कमी फिरलेली असावी. थोड्या चुळबुळीनंतर काय होईल? दहा मुलांमध्ये नऊ अंतरे आहेत आणि एकूण वळायचे आहे ९० अंश, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा १० अंश वळेल. रांगेत एक सुबक पीळ तयार होईल. मधल्या मुलांना कोणीही दिशा सांगितली नव्हती. टोकाच्या दोघांनी दिशा धरून ठेवली, आणि शेजाऱ्याशी जुळवून घेण्याच्या नियमाने ती आतपर्यंत पोहोचली.

द्रवस्फटिकातील 'शेजाऱ्याशी जुळवून घेणे' म्हणजे त्याची स्थितिस्थापकता. कॅल्क्युलेटरच्या पडद्यात वरची काच एक दिशा देते, खालची तिच्याशी काटकोनातली, आणि मधल्या थराला ९० अंशांचा पीळ पडतो. ध्रुवित प्रकाश या थरातून जाताना त्याची कंपने पिळाबरोबर वळत जातात. म्हणून पुढची व मागची पोलरॉइड पट्टी एकमेकींशी काटकोनात असूनही प्रकाश पार होतो.

आता वर्गात टाळी वाजवा. टाळी म्हणजे विद्युतदाब. टाळी वाजताच मधल्या मुलांनी पट्ट्या उभ्या धरायच्या, टोकाच्या दोघांनी मात्र हलायचे नाही. पीळ मोडतो. प्रकाशाची कंपने वळत नाहीत, दुसरी पट्टी त्यांना अडवते आणि तेवढा भाग काळा दिसतो. आकडा उमटला! विद्युतदाब काढला की रेणू पुन्हा पिळात परततात, कारण टोकाचे हललेले नसतात. तेही हलले असते तर कोणत्या दिशेला परतायचे हे मधल्यांना कळले नसते.

ही रचना स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश या कंपनीत मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी सिद्ध केली. तिच्या एकस्वासाठी त्यांनी डिसेंबर १९७० मध्ये अर्ज केला. अमेरिकेत जेम्स फर्गासन यांनीही हीच रचना शोधली होती. अशा पडद्यातील द्रवस्फटिकाचा थर सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. रेणूची जाडी अर्धा नॅनोमीटर धरली तर या थरात एकावर एक सुमारे १०,००० रेणू मावतात. त्या दहा हजारांची दिशा दोन टोकांचे पृष्ठभाग ठरवतात.

मखमलीने घासलेली काच

काचेच्या पृष्ठभागाला दिशा द्यायची कशी? उत्तर अगदी घरगुती वाटेल असे आहे. काच एकाच दिशेने घासायची. १९११ साली फ्रान्समधील शार्ल मोगँ यांनी दाखवले की घासलेल्या काचेवर द्रवस्फटिकाचे रेणू घासण्याच्या दिशेला लागतात. दोन घासलेल्या काचा एकमेकींवर फिरवून त्यांनी पीळ पडलेला थरही तपासला होता. म्हणजे शाट आणि हेल्फ्रिख यांच्या साठ वर्षे आधी!

प्रयोगशाळेत आम्ही लहान नमुना बनवतो तो असा. काचेवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या विरळ द्रावणाचा पातळ थर पसरून तो वाळवायचा. मखमलीच्या तुकड्याने तो हलक्या हाताने, एकाच दिशेने, काही वेळा घासायचा. पुढेमागे घासायचे नाही. दोन काचा समोरासमोर ठेवून मध्ये प्लास्टिकच्या अतिपातळ पट्ट्यांनी फट राखायची आणि कडेला द्रवस्फटिकाचा थेंब ठेवायचा. केशाकर्षणाने तो आत ओढला जातो. दोन पोलरॉइडमध्ये धरल्यावर सगळा नमुना एकसारखा उजळ दिसला की काम जमले.

कारखान्यातही मूळ पद्धत हीच. फक्त तेथे पॉलिइमाइड या उष्णता सहन करणाऱ्या बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, थर असतो. त्याची जाडी १०० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी असते. तो भट्टीत भाजतात आणि मखमल गुंडाळलेला फिरता रूळ त्यावरून नेतात.

खाचा की साखळ्या?

घासल्याने नेमके काय होते? सुचणारे पहिले उत्तर असे, की घासल्यामुळे बारीक खाचा पडतात आणि रेणू खाचांत लांबीने पडून राहतात. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ड्वाइट बेरेमन यांनी या कल्पनेला गणिताचा आधार दिला.

छपराचा पन्हळी पत्रा घ्या आणि त्यावर वेताची लवचीक छडी ठेवा. पन्हळीच्या दिशेने ठेवली तर ती सरळ राहते. आडवी ठेवून पत्र्याला सगळीकडे चिकटवायची म्हटले तर तिला वर-खाली वाकवावे लागेल, आणि वाकवायला ऊर्जा लागते. द्रवस्फटिकालाही वाकायला ऊर्जा लागते, म्हणून तो खाचांच्या दिशेने राहणे पसंत करतो. बेरेमन यांच्या हिशेबानुसार ही ऊर्जा खाचेच्या खोलीच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि दोन खाचांमधील अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. खोली दुप्पट केली तर पकड ४ पट होते. खोली तीच ठेवून अंतर निम्मे केले तर ८ पट! खाचा खोल करण्यापेक्षा त्या जवळजवळ काढणे अधिक फायद्याचे, हे नववी-दहावीच्या मुलांनाही यातून काढता येईल.

स्पष्टीकरण सुंदर आहे, पण मखमलीच्या बाबतीत ते पुरे पडले नाही. १९८७ साली गिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळी बहुवारिके घासून पाहिली. महत्त्वाचे ठरले ते बहुवारिकाच्या साखळ्या घासण्याच्या दिशेला ताणल्या जाऊन तशाच टिकून राहतात की नाही, हे. ज्यात साखळ्या टिकून राहत नाहीत तेथे ओरखडे असूनही रेणू नीट लागत नव्हते. १९९५ साली मायकेल टोनी आणि सहकाऱ्यांनी घासलेल्या पॉलिइमाइडवर अगदी तिरपे क्ष-किरण सोडून पृष्ठभागालगतच्या साखळ्या खरोखरच घासण्याच्या दिशेला वळलेल्या असतात हे मोजून दाखवले. पोलरॉइडची पट्टीही बहुवारिक ताणून, त्याच्या साखळ्या एका दिशेला आणूनच बनवतात. मखमल तेच काम पृष्ठभागापुरते करते.

मग खाचांचे उत्तर चूक होते का? नाही. मुद्दाम कोरलेल्या, पुरेशा जवळजवळच्या खाचांवर रेणू बेरेमन यांच्या हिशेबाप्रमाणेच लागतात. घासलेल्या पॉलिइमाइडवर दोन्ही परिणाम असतात, पण साखळ्यांचा प्रभाव मोठा असतो. विद्यार्थ्यांना सांगावी अशी गोष्ट ही, की १९११ पासून माहीत असलेली आणि १९७० च्या दशकापासून कारखान्यांत चालणारी कृती नेमकी का चालते, यावर १९९० च्या दशकातही संशोधन चालू होते. एखादी गोष्ट करता येणे आणि ती समजणे यांत असे ऐंशी वर्षांचे अंतर पडू शकते.

एकाच दिशेची अडचण

घासण्याने आणखी एक गोष्ट घडते. रेणू पृष्ठभागावर पूर्ण आडवे पडत नाहीत. त्यांचे एक टोक काही अंशांनी वर उचललेले असते. हा कल उपकाराचा आहे. रेणू अगदी आडवे असते तर विद्युतदाब दिल्यावर काही डाव्या टोकाने उठले असते आणि काही उजव्या. मग पडद्यावर पुन्हा ठिगळे पडली असती. कल असल्यामुळे सगळे एकाच बाजूने उठतात.

पण हाच उपकार पुढे अडचण झाला. एक पेन्सिल टेबलावर तिरपी धरा. एका बाजूने पाहिले तर तिचे फक्त टोक दिसते, विरुद्ध बाजूने पाहिले तर ती लांबलचक दिसते. करड्या छटेसाठी रेणू अर्धवट उठलेले असतात, म्हणजे या पेन्सिलीसारखेच तिरपे. त्यामुळे एका बाजूने पाहणाऱ्याला छटा फिकी दिसते, दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला गडद, आणि काही कोनांतून तर चित्र उलटेच दिसते, काळ्याचे पांढरे. कॅल्क्युलेटरमध्ये याने बिघडत नव्हते, कारण तो एकटाच माणूस समोरून पाहतो. टीव्ही मात्र घरातली चार माणसे चार बाजूंना बसून पाहतात.

एक उपाय बाहेरून आला. द्रवस्फटिक थाळीसारख्या चपट्या रेणूंचेही असतात. ते १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी शोधले. अशा चपट्या रेणूंचा पातळ पापुद्रा पडद्यावर लावून कांडीसारख्या रेणूंचा दोष भरून काढता येतो. जपानच्या फुजी कंपनीने १९९० च्या दशकात असे पापुद्रे बाजारात आणले.

दुसरा उपाय मुळाशी जाणारा होता. दोन पेन्सिली घ्या आणि एकमेकींच्या उलट दिशांना तिरप्या धरा. आता डावीकडून पाहा वा उजवीकडून, एक लांब दिसते आणि एक आखूड, एकूण बेरीज तीच. पडद्याच्या प्रत्येक चित्रबिंदूचे असे दोन किंवा चार भाग केले आणि प्रत्येक भागातील रेणूंना वेगळ्या बाजूने उठायला लावले तर प्रश्न सुटेल. त्यासाठी पृष्ठभागावर सगळीकडे एक दिशा न देता दिशांची नक्षी काढायला हवी. चित्रबिंदूची रुंदी मिलिमीटरच्या एका अंशाएवढी, आणि त्याचेही चार भाग. मखमलीचा रूळ हे कसे करणार? अर्धा भाग झाकून एकदा घासायचे, मग दुसरा भाग झाकून उलट घासायचे, असे प्रयत्न झाले, पण ते किचकट ठरले. शिवाय मखमलीचे तंतू आणि धूळ मागे राहते, आणि घासण्याने निर्माण होणारी स्थितिक विद्युत पडद्यातील सूक्ष्म ट्रान्झिस्टरांना मारक ठरते.

प्रकाशाने दिलेली दिशा

न घासता दिशा देण्याचा मार्ग प्रकाशाने दाखवला. १९८८ साली जपानमध्ये कुनिहिरो इचिमुरा आणि सहकाऱ्यांनी काचेवर अझोबेंझीनच्या रेणूंचा एकपदरी थर बसवला. प्रकाश पडला की अझोबेंझीनचा सरळ रेणू वाकतो, आणि वेगळ्या रंगाच्या प्रकाशात पुन्हा सरळ होतो. हा एकपदरी थर वाकला की त्यावरचा द्रवस्फटिकाचा सबंध थर उभ्याचा आडवा होत होता. १९९१ साली अमेरिकेत गिबन्स आणि सहकाऱ्यांनी ध्रुवित लेसर प्रकाश वापरून पृष्ठभागावर हवी ती दिशा लिहिली, आणि नंतर ती बदलूनही दाखवली.

ध्रुवित प्रकाश दिशा कशी देतो? पावसाळ्यात एखाद्या एस.टी. स्थानकाचे छप्पर जागोजागी गळते आहे असे समजा. सुरुवातीला माणसे कोठेही उभी असतात. ज्यांच्यावर पाणी पडते ती हलतात, कोरड्या जागी असलेली हलत नाहीत. थोड्या वेळाने सगळी गर्दी कोरड्या जागी गोळा झालेली दिसते, कोणी ढकललेले नसताना. अझोबेंझीनचा रेणू प्रकाशाच्या कंपनांना समांतर असेल तर प्रकाश भरपूर शोषतो, वाकतो, सरळ होतो आणि दर वेळी थोडा वेगळ्या दिशेला वळतो. काटकोनात असलेला रेणू प्रकाश शोषत नाही, म्हणून हलत नाही. हळूहळू बहुतेक रेणू कंपनांच्या काटकोनात येऊन थांबतात.

१९९२ साली शाट यांनीच सहकाऱ्यांसह दुसरी रीत दिली. तीत ध्रुवित अतिनील प्रकाशाने बहुवारिकाच्या ठरावीक दिशेतील शाखा एकमेकींशी कायमच्या जोडल्या जातात, त्यामुळे दिशा पुसली जात नाही. आता वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळ्या दिशेचा प्रकाश टाकणे हे छायाचित्रणासारखे काम झाले. १९९६ साली शाट, सीबर्ले आणि शुस्टर यांनी या मार्गाने अनेक विभागांचे चित्रबिंदू असलेले, रुंद कोनातून पाहता येणारे पडदे करून दाखवले.

प्रयोगशाळेतून कारखान्यात जायला मात्र आणखी काळ लागला. मधल्या काळात फुजित्सू कंपनीने काचेवर सूक्ष्म उंचवटे उभारून रेणूंना वेगवेगळ्या बाजूंना कलते केले. तीही पृष्ठभागावरची नक्षीच, पण उंचवट्यांपाशी थोडा प्रकाश वाया जाई. २००९ साली जपानच्या शार्प कंपनीने टीव्हीच्या पडद्यांसाठी अतिनील प्रकाशाने दिशा देण्याची पद्धत मोठ्या उत्पादनात आणली. त्याच वर्षी सुरू झालेल्या तिच्या साकाई येथील कारखान्यात काचेचा एक तक्ता सुमारे २.९ मीटर रुंद आणि ३.१ मीटर लांब होता. एवढ्या मोठ्या काचेवर, प्रत्येक चित्रबिंदूच्या प्रत्येक भागाला, काहीही न टेकवता वेगळा कल देता आला.

नक्षी किती बारीक?

नक्षी हवी तितकी बारीक काढता येईल का? आपल्या दहा मुलांच्या रांगेकडे परत जाऊ. शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचा नियम येथेही लागू आहे. नक्षीतील दिशा फार थोड्या अंतरात बदलू लागल्या तर द्रवस्फटिक प्रत्येक वळण पाळत बसत नाही, मधली काहीतरी दिशा धरतो. त्यामुळे बारकाव्याला मर्यादा पडते. पण तिचाही उपयोग करता येतो. २००२ साली जपानमध्ये किम, योनेया आणि योकोयामा यांनी अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग ओरखडून परस्परांशी ६० अंशांचे कोन करणाऱ्या तीन दिशांची नक्षी काढली. वरच्या थराला तिन्ही दिशा सारख्याच पसंत. विद्युतक्षेत्राने एका दिशेला वळवल्यावर तो वीज बंद केली तरी तेथेच राहतो. विजेशिवाय चित्र टिकवण्याची ही एक वाट आहे.

आज अनेक मोबाइलचे पडदे स्वतः प्रकाश देणाऱ्या ओएलईडीचे असतात आणि त्यांना द्रवस्फटिक लागत नाही. पण दिशांच्या नक्षीचे काम पडद्यांपुरते उरलेले नाही. दिशा हलके हलके फिरवत नेणारी वर्तुळाकार नक्षी काढली तर काही मायक्रोमीटर जाडीचा सपाट थर भिंगासारखे काम करतो. काचेचे भिंग जाडीच्या फरकाने प्रकाश वळवते, येथे ते काम दिशेतील फरक करतो. याचे मूळ तत्त्व १९५६ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. पंचरत्नम या तरुण संशोधकाने ध्रुवित प्रकाशाचा अभ्यास करताना मांडले होते. अशा भिंगांना आज त्यांचे नाव लावले जाते.

वर्गासाठी

बंद पडलेला जुना कॅल्क्युलेटर असेल तर त्याच्या पडद्याला बोटाने अगदी हलके दाबून पाहा. फट कमी-जास्त झाल्याने छटा बदलते आणि बोट काढल्यावर पूर्ववत होते. मुलांना विचारा, पूर्ववत कशामुळे झाली? चालू कॅल्क्युलेटर असेल आणि त्याच्या पुढच्या बाजूची पोलरॉइड पट्टी मोठ्यांनी सांभाळून सोलून काढली, तर आकडे दिसेनासे होतात. तीच पट्टी काटकोनात फिरवून समोर धरली की काळ्यावर उजळ आकडे दिसतात. दहा पट्ट्यांचा खेळ आधी खेळलेल्या वर्गाला याचे कारण स्वतः सांगता यायला हवे. आणखी एक प्रश्न त्यांच्यासाठी ठेवू या: त्या खेळात टोकाच्या दोन्ही मुलांनी पट्ट्या एकाच दिशेला धरल्या, तर पोलरॉइडच्या पट्ट्या कशा लावाव्या लागतील?